विसार आमचा, मुहूर्त तुमचा

मोटार घरी आली की पेढे वाटायचे असतात. मी वाटले नाहीत. आळीतली माणसे दोन दिवस थांबली आणि शेवटी विचारायलाच आली. मी त्यांना सांगितले की, मोटार मला कुणी बक्षीस दिलेली नाही. मी ती विकत घेतली आहे, आणि तीही कबूल केलेल्या तारखेनंतर जवळजवळ एका वर्षाने. ह्यात तोंड गोड करण्यासारखे काय आहे? माणसे हसली आणि 'मास्तर तिरसट झालेत' असे म्हणत निघून गेली. तिरसटपणाचा आळ मला मान्य आहे. पण तो मी का पत्करला हे एकदा सांगून टाकावे, म्हणून दिवाळीच्या मंगल अंकात हे अमंगल पुराण मांडून बसलो आहे. संपादकांनी काहीतरी खुसखुशीत मागितले होते. त्यांनी क्षमा करावी.

हकीकत अशी. माझी आई चिपळूणकडची. लग्न होऊन घाटावर आली ती कऱ्हाडचीच झाली. तिचा थोरला भाऊ, म्हणजे आमचा मामा, चिपळूणजवळ राहत असे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पुरात बुडाले, त्या दिवशी मामाच्या घरातही पुरुषभर पाणी शिरले. घर उभे राहिले. मामा मात्र आडवा झाला तो पुन्हा उठला नाही. अंथरुणाला खिळलेल्या भावाला एकदा डोळे भरून पाहावे, एवढीच आईची इच्छा होती. अंतर शंभर किलोमीटरांच्या आतले. पण मध्ये कुंभार्लीचा घाट, आणि आईचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. एसटीची पायरी तिला चढवत नाही, मोटारसायकलवर मागे तिला बसवत नाही, आणि वडापच्या जीपमध्ये बारा माणसांत तिला कोंबणे मला बघवत नाही.

मी दहावी झालेला, शाळेत चित्रकला शिकवणारा मास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या. चारींच्या मानधनात मिळून एक बरी सायकल आली असती. तरी पतसंस्थेचे कर्ज काढायचे ठरवले, आणि २२ ऑगस्ट २०२१ रोजी, नारळी पौर्णिमेच्या मुहूर्तावर, शोरूममध्ये जाऊन एका लहानशा मोटारीसाठी पंचवीस हजार रुपये विसार मोजला. विक्रीवरचा मुलगा माझाच विद्यार्थी निघाला. "सर, दिवाळीच्या आत गाडी दारात," असे तो म्हणाला. घरी येऊन आईला सांगितले. ती म्हणाली, "मग यंदाची भाऊबीज दादाकडेच."

दिवाळी आली. मोटार आली नाही. शोरूममधून फोन आला की नाताळात नक्की. ऑक्टोबरच्या अखेरीस एसटी कामगारांचा संप सुरू झाला होता, तो पुढे एप्रिल २०२२ पर्यंत चालला. म्हणजे नाइलाजाची एसटीही राहिली नाही. नाताळ आला. आता संक्रांतीनंतरचा पहिला आठवडा ठरला. ह्या अवधीत दोनदा मी भाड्याची जीप ठरवायला निघालो, आणि दोन्ही वेळा आईनेच मला अडवले. "पंधरा दिवसांत आपली गाडी यायचीय. भाड्याचे चार हजार कशाला घालवतोस?" मास्तरच्या घरात चार हजार ही रक्कम लहान नसते. मी थांबलो. जानेवारी २०२२ च्या तिसऱ्या आठवड्यात मामा गेला. त्या दिवशी मी जीपवाल्याला फोन केला, आणि जीप अर्ध्या तासात दारात उभी राहिली.

मोटार आली २० ऑक्टोबर २०२२ रोजी. वसुबारसेच्या आदल्या दिवशी. भाऊबीजेच्या सकाळी आई ओट्यावर येऊन त्या मोटारीकडे पाहत उभी राहिली. बॉनेटवर झेंडूची माळ होती. आई म्हणाली, "आता हिच्यात बसून कुणाकडं जायचं?" आणि आत निघून गेली.

वाचकांनी डोळ्यांना पदर लावावा म्हणून मी हे सांगितलेले नाही. मामा ऐंशीच्या पुढे होता. मोटार वेळेवर आली असती तरी तो अमर होणार नव्हता. माझे म्हणणे फार कोरडे आणि हिशेबी आहे, आणि ते वाचकांनी तसेच कोरडेपणाने तपासावे. शोरूमने मला ऑगस्टमध्येच जर सांगितले असते की, 'मास्तर, गाडीला चौदा महिने लागतील, कदाचित जास्तही,' तर मी त्याच आठवड्यात जीप भाड्याने केली असती. बहीण-भावाची भेट झाली असती. मोटार मग चौदा महिन्यांनीच आली असती, मी तिची वाट पाहिली असती, आणि पेढेही वाटले असते. तेव्हा आमचे जे नुकसान झाले ते उशिराने केलेले नाही. ते खोट्या तारखेने केले. उशीर माणसाच्या हातून वेळ काढून घेतो. खोटी तारीख त्याच्या हातून निर्णय काढून घेते. वेळ गेला तर माणूस दुसरा मार्ग शोधतो. पण 'आता पंधराच दिवस' असे त्याला सांगत राहिले, तर मार्ग शोधायचे त्याला सुचतही नाही. हा सगळा लेख ह्या एका भेदासाठी लिहिला आहे.

ह्यावर एक तयार उत्तर आहे, आणि ते मला शोरूमच्या थंडगार खोलीत, फुकटच्या कॉफीसह, अनेकदा मिळालेले आहे. ते उत्तर म्हणजे चिप. नखाएवढा तो सिलिकॉनचा तुकडा नसेल तर मोटारीचे इंजिन आपले काम करीत नाही, एअरबॅग उघडत नाही, समोरच्या तबकडीवर वेगाचा आकडा दिसत नाही. ही टंचाई खरी होती. मी ती नाकारीत नाही. उलट, मास्तरच्या सवयीने तिचा अभ्यास केला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. त्या एप्रिलमध्ये आपल्या देशातल्या मोटार कारखान्यांतून देशी बाजारात एकही मोटार गेली नाही. जगभरच्या मोटार कारखानदारांनी घाबरून चिपांच्या मागण्या रद्द केल्या. चिपवाल्यांनी ती जागा लॅपटॉप आणि फोन करणाऱ्यांना दिली, कारण सारे जग घरी बसून त्यांवरच काम करीत होते. पुढे लोक पुन्हा मोटारी मागू लागले तेव्हा कारखानदार परत चिपवाल्यांच्या दारी गेले, तो त्यांना रांगेच्या शेपटाला उभे राहावे लागले. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत टेक्ससला थंडीची लाट आली, वीज गेली, आणि ऑस्टिनचे चिपांचे कारखाने बंद पडले. १९ मार्च २०२१ रोजी जपानमध्ये नाका येथे रेनेसास कंपनीच्या कारखान्याला आग लागली. त्याच वर्षी पुढे मलेशियात टाळेबंदी झाली. तिथे चिपांच्या बांधणीचे आणि चाचणीचे फार मोठे काम चालते. सिलिकॉनची चकती कारखान्यात घातल्यापासून तिची चिप होऊन बाहेर पडायला तीन-चार महिने लागतात, म्हणून एक दिवसाची आगसुद्धा पुढे कित्येक महिने जाणवते. २०२२ साली तर काही मोटारी दुसऱ्या किल्लीशिवायच गिऱ्हाइकाच्या हवाली झाल्या, कारण किल्लीतही चिप असते.

हे सारे मला मान्य आहे. पण आता ह्या तारखा पुन्हा एकदा वाचा. फेब्रुवारी, मार्च, उन्हाळा. आणि मी विसार भरला तो ऑगस्टच्या उत्तरार्धात! टंचाईची बातमी तोपर्यंत माझ्या शाळेच्या वाचनालयातल्या वर्तमानपत्रांतूनही येऊन गेली होती. जी गोष्ट कऱ्हाडच्या चित्रकलेच्या मास्तराला वाचायला मिळत होती, ती मोटारीच्या कारखानदाराला ठाऊक नव्हती असे कुणी म्हणू शकेल काय? त्याला ती ठाऊक होती. तरीही त्याच्या दुकानातून 'दिवाळीच्या आत' हे शब्द उच्चारले गेले. चिपेच्या अभावी मोटार तयार होत नाही, हे कबूल. पण चिपेच्या अभावी खरे बोलता येत नाही, हे कुठल्या शास्त्रात लिहिले आहे?

खरे का बोलले जात नाही, ह्याचे कारण चिपेत नसून विसारात आहे. चौदा महिने असे खरे सांगितले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. 'दिवाळीच्या आत' असे सांगितले तर ते पंचवीस हजार मोजून गळाला लागेल. एकदा पैसे अडकले की माणसाचे मन आपोआप पैशाच्या बाजूने बोलू लागते: इतके थांबलो, आता आणखी थोडे. तेव्हा ती तारीख म्हणजे अंदाज नव्हे. ती गळाला लावलेले गांडूळ आहे, आणि ते दर सणाला नवे लावले जाते. दिवाळी, नाताळ, संक्रांत, पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा! आपल्या पंचांगाचा एवढा भाविक उपयोग मी भटजींनाही कधी करताना पाहिलेले नाही.

आणि त्या पावतीच्या मागची बाजू? चित्रकलेच्या वर्गातले भिंग घेऊन मी ती वाचली. तिथे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत जे छापलेले होते त्याचा सारांश असा: मोटार कधी मिळेल ह्याची हमी नाही. रंग आणि प्रकार उपलब्धतेप्रमाणे. आणि किंमत जी लागेल ती विसाराच्या दिवसाची नव्हे, मोटार हाती पडेल त्या दिवसाची. त्या चौदा महिन्यांत किंमत तीनदा वाढली, आणि मला एकूण बेचाळीस हजार रुपये जादा पडले. ह्यातला न्याय बघा. उशीर त्यांनी केला आणि त्याचा दंड मी भरला. मी जर माझ्या वर्गातल्या मुलाला म्हटले की, 'तुझी वही तपासायला मला उशीर झाला, म्हणून तुझे पाच गुण कापले,' तर त्याचे आईबाप शाळेवर मोर्चा आणतील, आणि त्यांनी तो आणावाच. मोटारीच्या दुकानावर मात्र आम्ही मोर्चा नेत नाही. आम्ही तिथे नारळ घेऊन जातो.

कायदा काही शिकलो नाही, पण वाचता येते. करारात वेळ लिहिलेली नसेल तर वचन वाजवी वेळेत पुरे केले पाहिजे, असे १८७२ चा करार कायदा सांगतो. माल पोचवायची मुदत ठरलेली नसेल तर विकणाऱ्याने तो वाजवी मुदतीत पोचवावा, असे १९३० चा मालविक्रीचा कायदा सांगतो. म्हणजे इंग्रजांच्या राज्यातसुद्धा 'केव्हातरी' ही मुदत मानलेली नव्हती. पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. २०१९ साली तो नव्याने केला गेला आणि जुलै २०२० पासून लागू झाला. त्या नव्या कायद्यात 'अनुचित करार' नावाची एक गोष्ट आहे: ज्या अटींनी ग्राहकावर गैरवाजवी बोजा पडतो, तो फार मोठ्या तोट्यात जातो, अशा अटी. अस्त्र चांगले आहे. फक्त ते उचलायला जिल्ह्याच्या आयोगाकडे जाऊन भागत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. बेचाळीस हजारांसाठी वकील करून एवढे हेलपाटे कोण घालणार? हे कारखानदाराला पक्के ठाऊक आहे. त्याची ती मुंगीची अक्षरे आपल्या कंटाळ्याच्या भरवशावर उभी आहेत.

आता कुणी वडीलधारा म्हणेल, 'मास्तर, तुम्ही काय वाट पाहिलीत? वाट पाहिली ती आम्ही!' खरे आहे. आमच्या घरातही त्या जमान्याचा एक पुरावा आहे. माझे वडील साखर कारखान्यात कारकून होते. त्यांनी १९७३ साली स्कूटरसाठी नाव नोंदवले, आणि स्कूटर मिळाली १९८२ साली. तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. तो परवाना-राज्याचा काळ. कुणी किती मोटारी आणि किती स्कूटरी कराव्यात हे दिल्लीत ठरे, आणि परवान्यात लिहिलेल्या आकड्याच्या फार पुढे गेले तर कारखानदारालाच जाब द्यावा लागे. मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण ठेवणारा हुकूम १९५९ साली निघाला, स्कूटरींसाठी तसाच १९६० साली. त्या काळाची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. ती टंचाई माणसांनी कागदावर निर्माण केलेली होती. परकीय चलन भरणाऱ्याला स्कूटर आधी मिळे, वशिल्याच्या कोट्याला आधी मिळे, आणि नवी गाडी दारात आली की दुसऱ्या दिवशी ती जादा भावाने विकून मोकळे होणारेही होते. गेले ते बरे झाले.

पण वडिलांची ट्रंक उघडली की मला एक गोष्ट दिसते. तीत पोस्टाच्या बचत खात्याचे पुस्तक आहे. स्कूटरची अनामत त्यांनी त्या खात्यात ठेवली होती: तारण स्कूटरच्या नावाने, पण खाते वडिलांच्या नावाने. नऊ वर्षांचे व्याज वडिलांना मिळाले, आणि त्यातून आईने एक समई घेतली. ती आजही देवापुढे जळते. पुस्तकाच्या जोडीला नोंदणीची पावती आहे, आणि तिच्यावर क्रमांक आहे. वडिलांना कुणी 'दिवाळीच्या आत' असे सांगितले नव्हते. यादी लांब आहे, आठ-दहा वर्षे लागतील, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. म्हणून त्यांनी काय केले? त्याच महिन्यात सायकल घेतली, आणि नऊ वर्षे तिच्यावरून साखर कारखान्यात गेले. त्यांची टंचाई माझ्या टंचाईपेक्षा कितीतरी मोठी होती. त्यांचे आयुष्य मात्र त्या स्कूटरसाठी एक दिवसही अडून राहिले नाही. अडलो मी. परवाने गेले, दिल्लीतले ते टेबल गेले, बाजारात शंभर तऱ्हेच्या मोटारी आल्या, आणि कारकुनाच्या मुलाला कारकुनाइतकासुद्धा खरा क्रमांक मिळेना!

हे करता येत नाही असे म्हणू नका. आपल्याच देशात ते पूर्वी केलेले आहे. १९८३ साली मारुतीसाठी लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरले. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मोटारीची किल्ली दिली गेली, आणि बाकीच्यांचा क्रम संगणकावरच्या सोडतीने लागला. २००९ साली नॅनोची नोंदणी झाली तेव्हा दोन लाखांहून अधिक मागण्या आल्या. सिंगूर सोडून कारखाना साणंदला हलवावा लागला होता, आणि एवढ्या मोटारी लगेच निघणार नव्हत्या. कंपनीने तसे सांगितले. पहिल्या एक लाखांची सोडत काढली, आणि जे मागे राहून थांबायला तयार होते त्यांच्या रकमेवर व्याज देण्याची तजवीज केली. पुढे नॅनोचे काय झाले तो वेगळा विषय. पण थांबवून ठेवलेल्या माणसाला त्याचा क्रमांक सांगता येतो आणि त्याच्या पैशाला व्याज देता येते, एवढे तरी तिने दाखवून दिले.

मग आज ते का होत नाही? ह्याचे उत्तर देताना मला कारखानदाराकडची तलवार काढून आपल्याकडे वळवावी लागते. आपण मागत नाही म्हणून होत नाही. पन्नास वर्षे रांगेत उभे राहून रांग ही आपल्या अंगवळणी पडलेली आहे. आता ती आपल्याला आवडूही लागली आहे. शेजारी विचारतो, 'कुठली गाडी घेतलीत?' आपण नाव सांगतो, आणि पुढे छाती फुगवून सांगतो, 'दहा महिन्यांचे वेटिंग आहे!' जणू ते दहा महिने ही आपली कमाई. ज्या मोटारीला रांग नाही ती आपल्याला टाकाऊ वाटते. ज्या डॉक्टरकडे गर्दी नाही तो अडाणी, ज्या शाळेच्या दारात पालक पहाटेपासून उभे नाहीत ती शाळा भिकार. मालाची पारख करण्याचे कष्ट नकोत म्हणून आपण रांगेची लांबी मोजतो. मग दुकानदाराने ती रांग लांबवण्यात का कसूर करावी? आणि शेवटी गाडी मिळते तेव्हा आपण काय करतो? शोरूममध्ये सहकुटुंब जातो. ते गाडीवर रेशमी कापड घालतात, आपल्या हातून ते ओढवतात, थर्माकोलची भलीमोठी किल्ली आपल्या हाती देतात आणि फोटो काढतात. त्या फोटोत आपले चेहरे बघा. विकत घेणाऱ्याचे ते चेहरे नसतात. नवस फळल्याचे चेहरे असतात.

१९७४ साली ज्या पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, ते पुणे ह्याच महाराष्ट्रात आहे. 'ग्राहक राजा आहे' असे आपण दुकानांच्या भिंतींवर रंगवले. माझ्या शाळेच्या भिंतीवर तर ते मीच रंगवले आहे. राजा विसार भरतो आणि मग दर पंधरवड्याला फोन करून अजिजीने विचारतो, 'आमचे काही झाले का हो?' असला राजा बखरीतसुद्धा सापडायचा नाही.

माझाही एक कबुलीजबाब ह्या ठिकाणी द्यायला हवा, नाहीतर माझा विद्यार्थीच उद्या तो उघडा करील. मीही वायदा मोडलेला आहे. तिसऱ्या कादंबरीसाठी प्रकाशकाकडून मी आगाऊ रक्कम घेतली आणि हस्तलिखित दीड वर्ष उशिरा दिले. कादंबरी अडली होती; कादंबऱ्यांनाही चिपांची टंचाई होते. पण चौथ्या महिन्यात मी त्यांना पत्र लिहिले की, ह्या वर्षी होत नाही, रक्कम परत हवी तर पाठवतो. त्यांनी माझ्या जागी दुसऱ्याचे पुस्तक छापले आणि माझ्यासाठी थांबले. आमची मैत्री टिकली. मी दर सणाला त्यांना 'पुढच्या आठवड्यात हस्तलिखित दारात' असे कळवत राहिलो असतो, तर त्यांचे छापखान्याचे वेळापत्रक बुडाले असते आणि त्यांनी माझे नाव टाकले असते. तेव्हा उशीर होणाऱ्याला फाशी द्या असे मी म्हणत नाही. उशीर कळवा, एवढेच म्हणतो.

माझ्या मागण्या फार थोड्या आहेत. विसाराच्या पावतीवर पुढच्या बाजूला, वाचता येईल अशा अक्षरांत, तारीख असावी. ती टळली तर विसारावर व्याज मिळावे, आणि गिऱ्हाइकाला वाटल्यास एक पैसाही न कापता तो परत मिळावा. किंमत विसाराच्या दिवशीची असावी. पोलाद महागले तर तो धंद्याचा धोका आहे, आणि धंदा ज्याचा, धोका त्याचा. आणि प्रत्येक शोरूमच्या दारात एक फळा असावा. आमच्या शाळेत हजेरीचा असतो तसा. आज कितव्या क्रमांकाची गाडी गेली, कितवी यायची आहे, एवढेच त्यावर रोज सकाळी खडूने लिहावे. ह्याला ना चिप लागते, ना परकीय चलन. ज्यांच्याकडे फळा नसेल त्यांना मी शाळेतला जुना देतो.

गेल्या महिन्यात तो विद्यार्थी घरी आला होता. नवे मॉडेल येते आहे. सरांच्या ओळखीत कुणी आहे का, हे विचारायला. पोरगा गुणी आहे. त्या चौदा महिन्यांत त्याने मला जे जे सांगितले ते ते त्याला वरून सांगितलेले होते, आणि प्रत्येक फोनच्या वेळी त्याचा आवाज चोरासारखा होई. मामा गेल्याचे कळले तेव्हा तो सुट्टी टाकून आईला भेटायला आला होता. आईने त्याला चहा दिला, लाडू दिला. मी त्याला म्हटले, "ओळखीचे पुष्कळ आहेत. पण पावतीवर तारीख लिहून दे, मग पाठवतो."

"तारीख नाही लिहिता येत, सर."

"कशी येत नाही? चित्राच्या कोपऱ्यात तारीख घातल्याशिवाय मी तुझा एक कागद तरी तपासला होता काय?"

तो खाली मान घालून थोडा वेळ बसला. मग म्हणाला, "येते, सर. लिहू देत नाहीत."

ज्या दिवशी लिहू देतील, त्या दिवशी मी आळीत पेढे वाटीन.